सड्यावरून पळताना मागे दिसलेली काळी छत्री

परवा माझ्या भाचीच्या मुलीनं, रेवानं, फोन माझ्या नाकासमोर धरला. "आजी, वाच. वाळवंटात पळून जाऊन लग्न कसं आखायचं, ते सगळं दिलंय यात." चष्मा लावून वाचलं. फोटोवाला आधी ठरवा. केस कोण बांधणार ते ठरवा. पाहुण्यांना टोप्या द्या. परवानगीचा अर्ज वेळेत करा. राजस्थान खर्चिक पडतं म्हणून आमच्या रेवाबाईंनी मालवणकडचा सडा निवडला आहे. "तिथंही सगळं ओसाडच असतं ना गं?"

मी विचारलं, "आईबापांना माहीत आहे?"

"म्हणजे काय! बाबाच तर ड्रोन उडवणार आहेत."

मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथं सांडलेल्या शाईचीही कारणं द्यावी लागत. तेव्हा मला कोणीतरी कारण द्या, की ज्या लग्नात वधूपिता ड्रोन उडवतो त्याला पळून जाणं का म्हणायचं? ती सहल झाली. पळून जाऊन केलेलं लग्न मी स्वतः आखलेलं आहे. साठच्या दशकात, त्याच सड्यावर, भर उजेडात. म्हणून हा प्रवास लिहून ठेवते. ज्यांना हिवाळ्यात तिकडं नुसतं फिरायला जायचंय त्यांनी यातल्या वाटा आणि जेवण घ्यावं. ज्यांना पळून जायचंय त्यांनी माझ्या चुका घ्याव्यात.

मी तेव्हा मुंबईत शाळेत शिकवायला लागले होते. एका रविवारी रघुनाथ दारात उभा राहिला. मुंबईच्या गोदीत नोकरी, मूळ माझ्या आजोळच्याच गावचा. हातात कुळथाच्या पिठाची पिशवी. ती माझ्या आईच्या हातात देऊन तो जिन्यात थांबला आणि मला हळूच म्हणाला, "बाय, कुसुमान सांगल्यान हा, गावपळणीक तुमी येवकच व्हया. नायतर गाव भरल्या भरल्या तिका मालवणात देतले."

कुसुम माझी मामेबहीण. 'मालवणात देतले' म्हणजे कुणाला, ते मला ठाऊक होतं. एक विधुर दुकानदार, तीन मुलं आणि स्वभाव गोणपाटासारखा. कुसुमला रघुनाथ हवा होता. पण अण्णामामांच्या घराचा आणि रघुनाथच्या घराचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, एकच. रघुनाथच्या आज्यानं तो हातभर सरकवला असं मामांचं म्हणणं. त्यामुळं त्या घराबद्दल मामांचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "त्या माणसांका हद्द कळणा नाय."

आता गावपळण. आचऱ्याच्या बाजूला काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी देवाचा कौल घेतात, नौबत वाजते, आणि अख्खा गाव घरांना कुलपं घालून वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस गावात फक्त देव. मग पुन्हा कौल, आणि देव 'या' म्हणाला तरच परत. माझ्या आजोळच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं अजून नातेवाईक आहेत आणि त्यांना वाचता येतं.

बातमी ऐकताच माझ्या डोक्यात योजना तयार झाली. सगळा गाव रिकामा! मामांच्याच अंगणात, त्यांच्याच तुळशीपुढं लग्न लावायचं, आणि मामा वेशीबाहेर पेज पीत बसलेले. आईला सांगितलं, गावपळण बघायची आहे. शाळेत सांगितलं, आजोळी कार्य आहे. दोन्ही खरंच होतं.

तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, सगळं रत्नागिरीच. आगबोटीनं गेले. आता ती मिळत नाही, तेव्हा तिची चौकशी करू नका. शेजारच्या बाईंनी मला लिंबू दिलं, स्वतः दोन खाल्ली आणि तरी विजयदुर्गाच्या आसपास आम्ही दोघी कठड्याला लटकलो होतो. सकाळी मालवण. बोट लांबच उभी राहते, मग होडीत उडी मारायची. किल्ला समोर इतका शांत बसलेला असतो की आपल्या अवताराची लाजच वाटते. बंदरावरच्या खाणावळीत घावणे आणि नारळाचा गोड रस खाल्ला. पोट रिकामं झालेल्यानं नेमकं हेच खावं. मग एसटी. मग बैलगाडी. बैलगाडीवाल्यानं विचारलं, "खंय जातास? गाव तर उद्या भायर पडतलो."

"म्हणून तर आले," मी म्हटलं.

"मुंबयची माणसां," तो बैलाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नौबत झाली आणि गाव निघाला. मी कुसुमबरोबर चालत होते. मामीच्या डोक्यावर कोंबड्यांची पाटी, मामांच्या एका हातात काळी छत्री आणि दुसऱ्यात म्हशीचा दोर. गाव खोलगट जागी आहे, माडांत बुडालेला, आणि तिन्ही बाजूंनी सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसात हिरवंगार, पण हिवाळा आला की वाळकं पिवळं गवत, काळा भाजलेला कातळ आणि क्षितिजापर्यंत काही नाही. वाळवंट पाहिजे असेल तर हेच. वाळूऐवजी दगड, एवढाच फरक, आणि दगड चपलेत जात नाही.

दक्षिणेच्या सड्यावर बांबू आणि झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. संध्याकाळी चुली पेटल्या. उकड्या तांदळाची पेज, भाजलेला खारा बांगडा आणि वर कोकमाचं सार. मुंबईला कितीही पैसे टाका, ही चव नाही, कारण तिथं वाऱ्याबरोबर शेजारच्या चुलीचा धूर तुमच्या ताटात येत नाही. बायका फुगड्या घालत होत्या, पुरुष गजाली मारत होते. रघुनाथचं घर आमच्यापासून मुद्दाम लांब उतरलं होतं. मामांनी तिकडं पाठ करून खाट टाकली.

मी कुसुमला बाजूला घेऊन माझी योजना सांगितली. अंगण, तुळस, सगळं. मला वाटलं, गळ्यात पडेल.

"गो शरू, तुका याड लागला काय? गावात आता देव आसा. थंय पाय ठेवूचो नाय."

"अगं, पण कुणीही नाही तिथं! म्हणून तर!"

"तांच सांगतंय. माणूस नाय म्हणानच देव आसा."

"आणि बापाला फसवलेलं चालतं?"

"बापाशीक फसवक जमता. तो बोंबलतलो, मगे जेवतलो. देवाचा तसा नाय."

रघुनाथकडं निरोप धाडला. त्याचंही उत्तर तेच. आईबापाला, दुकानदाराला, सगळ्या गावाला धाब्यावर बसवायला निघालेली ही दोघं, आणि एका रिकाम्या रस्त्यावर पाय ठेवायला तयार नाहीत! मी म्हटलं, मग सरळ एसटीत बसा आणि मुंबई गाठा. कुसुम माझ्यावरच तापली. "लगीन लागल्याबिगर परक्या पुरुषावांगडा गाडीत बसू? माका काय समाजलंस?"

मग दुसरी योजना. एसटी थांबते ती उत्तरेच्या सड्याला, गावाच्या पलीकडं. तिथं एक जुनी चिऱ्याची खाण आहे, वाऱ्यापासून आडोसा. शेजारच्या गावचे भटजी तिथं येतील, लग्न लागेल आणि नंतरची एसटी धरून जोडपं मालवणच्या बंदरावर. भटजींना पटवायला मी गेले. मनगटी घड्याळ बांधलं, पदर दोन्ही खांद्यांवर घेतला आणि शाळा तपासायला आलेल्या बाईच्या आवाजात बोलले.

"मुलीकडून मोठं माणूस कोण?" भटजींनी विचारलं.

"मी."

"आणि वडील?"

"मागून येतायत," मी म्हटलं. भटजींनी मान डोलावली आणि पंचांग उघडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. कुसुम पाणी आणायच्या निमित्तानं. कमरेवर कळशी, आणि कळशीत पाणी नव्हे, लग्नाचं पिवळं लुगडं कोंबलेलं. मी सोबतीला. रघुनाथ पुढं एका दगडाजवळ भेटला. तिघं मिळून चालू लागलो आणि तेव्हाच मला माझी चूक कळली. योजना मी मुंबईत आखली होती. तिथं कोपरा वळलं की माणूस दिसेनासा होतो. सड्यावर कोपरा नाही. झुडूप नाही. एक टिटवी उठून ओरडली तरी मैलावरच्या माणसाला कळतं ती कुणावर ओरडते. रेवा, लिहून घे. वाळवंटात पळून जाण्यातली पहिली अडचण म्हणजे आपण दिसतो. आणि दिसत राहतो.

मी मागे वळून पाहिलं. झोपड्यांच्या रांगेतून एक काळा ठिपका बाहेर पडला होता.

"ती छत्री," कुसुम म्हणाली. "अण्णा."

नंतर कळलं, मामांनी आम्हाला पाहिलं तेव्हाच ते धावणार होते. मामीनं हात धरला. "वायच पेज खावा आणि मगे जावा. उपाशी पोटान राग बाधता." आणि पेज इतकी गरम वाढली की फुंकता फुंकता आम्ही निम्मा सडा पार केला. मामीला सगळं माहीत होतं का? मी तिला पुढं कित्येकदा विचारलं. दर वेळी तिला दुसऱ्या खोलीत काम निघालं.

मामांनी आणखी कुणाला बरोबर घेतलं नाही. लाज होती ना. एकटी छत्री, सावकाश, पण थांबत नव्हती. आम्ही भरभर चाललो की ती भरभर. कुसुमच्या पायात काटा गेला आणि आम्ही थांबलो, तेवढ्यात ती केवढी मोठी झाली! ऊन डोक्यावर येत होतं. पाण्याची एकच बाटली होती, ती रघुनाथच्या खांद्यावर. हिवाळा आहे म्हणून फसू नका. कातळ खालून भाजतो आणि वारा वरून वाळवतो. पाणी न्या, आणि वाटलं त्याच्या दुप्पट न्या.

मग तो दगड आला. वेशीचा, शेंदूर फासलेला. तिथून एक पायवाट खाली उतरते, गावातून सरळ जाते आणि पलीकडं थेट खाणीपाशी निघते. अगदी हाकेच्या अंतरावर म्हणा ना. सड्यावरून मात्र गावाला पुरता वळसा. मी खाली पाहिलं. माडांमधून कौलं दिसत होती, पण एकाही छपरातून धूर नाही. कोंबडा नाही, रहाटाची कुरकुर नाही, कुणाची आई कुणाला हाक मारत नाही. दारं लावलेली, अंगणं झाडलेली. कोणीतरी आत वावरतंय आणि त्याला त्रास नको म्हणून सगळं गप्प आहे, असं वाटावं इतकं गप्प.

"रघुनाथ," मी म्हटलं, "ऐक माझं. खाली उतर. मामा पोचायच्या आत मंगळसूत्रसुद्धा होईल."

त्यानं छत्रीकडं पाहिलं. पायवाटेकडं पाहिलं. गावाच्या दिशेला हात जोडले आणि सड्यावरून चालायला लागला. कुसुम त्याच्या मागे.

मी संतापले. म्हटलं, जा तुम्ही, मी एकटी पुढं जाऊन भटजींना तयार ठेवते. मी शिकलेली बाई, देवळात गेले तरी लक्ष चपलांकडं असणारी. दगडाजवळ गेले. पाय उचलला.

आणि तो खाली जाईना.

मला अडवणारं कुणी नव्हतं. मला कसलीही शपथ नव्हती. तरी तो पाय बगळ्यासारखा हवेत धरून मी उभी, स्वतःवरच चिडलेली. शेवटी तो मागे घेतला आणि बडबडत त्या दोघांच्या मागे धावले.

पुढच्या चढावरून मी वळून पाहिलं. छत्री दगडापाशी पोचली होती. मामा गावातून उतरले असते तर आमच्या आधी खाणीवर हजर झाले असते आणि कुसुमचं आयुष्य त्या गोणपाटात बांधलं गेलं असतं. छत्री थांबली. बराच वेळ थांबली. मग मिटली. मामांनी हात जोडलेले मला एवढ्या लांबूनही दिसले. छत्री पुन्हा उघडली आणि आमच्यामागे सड्यावरून यायला लागली.

खाणीत भटजी तयारीनिशी बसले होते. चिरे काढून झालेल्या खड्ड्यात सावली, लहानसं कुंड, पंच्याचा अंतरपाट. कुसुम आडोशाला लुगडं नेसून आली. पिवळं लुगडं, लालसर दगड आणि वर निळं आभाळ. रेवा, असला फोटो तुझ्या फोटोवाल्याच्या नशिबात नाही. मी म्हटलं, "भटजी, करा सुरुवात."

भटजी उठून कपाळावर हात धरून दूर बघत होते. "ती छत्री कुणाची?"

मी अंतरपाट झटकायला घेतला.

"वडीलच ना? तुम्ही म्हणाला होता, मागून येतायत. आलेच की! थांबू या. बाप दिसत असताना कन्यादान दुसऱ्यानं करायचं, हे काही बरं नाही."

मी घड्याळ दाखवलं. मुहूर्त दाखवला. एसटीची वेळ सांगितली. इंग्रजीसुद्धा बोलून पाहिलं. भटजी मांडी घालून बसले. तर पळून गेलेली माणसं सड्यावर बसून, पकडायला येणाऱ्या माणसाची वाट बघू लागली. कुसुम रडत नव्हती. ती रघुनाथला एवढंच म्हणाली, "एसटी इली तरी मी अशी येवूचंय नाय. आणि अण्णानी हात धरलो तर सोडवूकय जमाचा नाय." बाटलीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं. आम्हा तिघांनाही तहान लागली होती, पण रघुनाथनं बाटलीला हात लावला नाही.

मामा आले. शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा चिऱ्याच्या रंगाचा. भटजी हसतमुखानं पुढं झाले. "या, या! तुमचीच वाट बघत होतो. बाईंनी सांगितलंच होतं."

मामांनी माझ्याकडं जे पाहिलं ते मी आजतागायत विसरले नाही. बोलायला तोंड उघडलं, पण घशातून आवाजच निघेना. रघुनाथनं बाटली पुढं केली. मामांनी ती घेतली नाही. मग घेतली. सगळी संपवली. तोंड पुसलं आणि विचारलं, "खंयसून इलास?"

"सड्यावरसून."

"सगळो वळसो?"

"होय, अण्णानू."

"दगडाकडसून वाट होती. गाव मोकळो. मी मागसून येय होतंय, तां दिसला नाय तुका?"

"दिसला. छत्री दिसली."

"मगे?"

"गावात देव होतो मां."

कुसुम इतका वेळ खाली बघत होती, ती म्हणाली, "अण्णा, तुमी तरी खंय इलात गावातसून?"

टिटवी ओरडत होती. मामांनी छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. खाणीच्या कडेला टेकवून ठेवली. मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "ह्येच्या आज्यान माझ्या आज्याचो गडगो हातभर सरकवल्यान. तां मी मरासर इसारूचंय नाय."

"होय, अण्णानू," रघुनाथ म्हणाला.

"पण ह्येका हद्द कळता." हे ते भटजींना सांगत होते, जणू तक्रार करावी तसं. "मुहूर्त खंय गेलो?"

"थोडा टळलाय. पण चालेल."

"मगे बसलात कित्याक? करा सुरू. आणि मालवणाक मी निरोप धाडतंय. दुकानदाराक दुसरी कोण तरी गावतली."

कन्यादानाला पाणी लागतं, आणि बाटली तर मामांनीच संपवलेली. भटजींच्या तांब्यात होतं म्हणून बरं. अक्षता टाकायला मी, एक गुराखी आणि त्याची दोन गुरं. वाऱ्यानं अर्ध्या अक्षता परत माझ्याच तोंडावर आणल्या. सगळं उरकल्यावर मामा माझ्याकडं वळले. "आणि तू गो! कान्वेंटात ह्याच शिकवतत?"

"नाही मामा. तिथं भूगोल शिकवला, पण सड्यावर झाडं नसतात हे राहून गेलं."

"रवला तां बरा झाला," मामा म्हणाले. "झाडां असती तर तुमी माका गावला नसतात."

एसटी आली आणि आमच्या देखत निघून गेली. कुणीच चढलं नाही. आम्ही सगळे तो अख्खा वळसा पुन्हा चालून परत आलो. छत्री आता कुसुमच्या डोक्यावर होती. वस्तीवर पोचलो तेव्हा मामीनं कोंबडी कापून ठेवली होती आणि वड्यांचं पीठ मळलेलं होतं. एवढ्या माणसांना पुरेल इतकं पीठ तिनं कधी मळलं, हा प्रश्नही दुसऱ्या खोलीतल्या कामात गेला.

तिसऱ्या दिवसानंतर देवानं कौल दिला, गाव भरला, आणि मी मुंबईला परतले. नाकाची सालं निघालेली, ट्रंकेत आमसुलं. जिन्यातलं बोलणं आईनंही ऐकलं असावं, कारण तिनं दारातच विचारलं, "एकटीच? कुसुमचं काय झालं?" मी म्हटलं, "मागून येतायत." पुढच्या बोटीनं आलेही दोघं.

त्या उन्हाळ्यात मामांनी गडगा नव्यानं रचून घेतला. होता तिथंच, बोटभरही इकडंतिकडं नाही. फक्त मधे माणूस जाईल एवढी फट ठेवली. कुसुम माहेरी यायची ती त्या फटीतून. मामा सकाळचा चहा प्यायला व्याह्यांकडं जायचे तेही तिथूनच, आणि जाताना दर वेळी मोठ्यानं म्हणायचे, "हातभर सरकवलास!" आतून उत्तर यायचं, "चाय निवता, या!"

रेवाला हे सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे खाणीपाशी गाडी जाते का गं?" जाते. आता डांबरी रस्ता आहे, आचऱ्याहून रिक्षाही मिळते. टोप्या, फोटोवाला, केस बांधणारी, सगळं भाड्यानं आणता येईल. पण पोरी, पळून जायचं तर त्या उन्हात गरम पेज पिऊन सगळा वळसा मागून चालत येणारं कुणीतरी लागतं. तुझ्या बापाला म्हणावं, ड्रोन ठेव घरी आणि छत्री घे.